उद्याची उसनवारी

प्रेषित पौलाने करिंथ येथील मंडळीला लिहिताना धावण्याच्या शर्यतीचा दाखला दिला, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. करिंथ शहराजवळच दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरत असत. त्यामुळे त्या पत्राच्या पहिल्या वाचकांना शर्यत म्हणजे काय हे समजावून सांगावे लागले नसेल. आपण मात्र तो दाखला वाचतो तेव्हा आपली नजर थेट मुकुटावर जाते. धावणारे पुष्कळ, बक्षीस मिळवणारा एक, आणि विश्वासणाऱ्याचा मुकुट मात्र कधी न कोमेजणारा, एवढे आपल्या लक्षात राहते. त्याच ठिकाणी पौलाने स्पर्धकाच्या संयमाविषयी जे म्हटले आहे, त्यावरून आपण भरभर पुढे निघून जातो.

प्राचीन ग्रीकांच्या खेळांविषयी एक माहिती फार थोड्यांना असते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील ग्रीक प्रवासी पॉसेनिअस याने ऑलिंपिया येथील शपथविधीचे वर्णन लिहून ठेवले आहे. झ्यूसच्या मूर्तीपुढे, रानडुकराच्या मांसाच्या तुकड्यांवर, खेळाडू शपथ घेत की आपण खेळात कोणतेही गैरकृत्य करणार नाही. शिवाय आपण सलग दहा महिने नियमपूर्वक सराव केला आहे, अशीही शपथ त्यांना घ्यावी लागे. विशेष हे की पहिली शपथ एकटा खेळाडू घेत नसे. त्याचा बाप, त्याचे भाऊ आणि त्याचे शिक्षक हेही त्याच्याबरोबर ती घेत. मुलांच्या गटातील स्पर्धकांची परीक्षा करणाऱ्यांना तर वेगळी शपथ होती, की लाच न घेता न्यायाने निवाडा करू.

हा विधी मूर्तिपूजकांचा होता, आणि आपल्या उपासनेशी त्याचा काही संबंध नाही. तरी त्यातील एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. धावणार होता मुलगा. मग बापाला शपथ कशासाठी? बापाच्या हातून असे काय घडू शकत होते, की त्यालाही मूर्तीसमोर उभे करणे त्या लोकांना आवश्यक वाटले?

जुलै २०२५ मध्ये हा प्रश्न अगदी घरगुती रूपाने माझ्यापुढे आला. दिल्लीला लागून असलेल्या गाझियाबादेत आम्ही राहतो. आमच्याच वसाहतीत जालन्याहून बदलीवर आलेले एक कुटुंब आहे. त्यांचा मुलगा सोळा वर्षांचा, अकरावीत शिकणारा. तो शाळेसाठी १५०० मीटर धावतो. मैल म्हणजे १६०९ मीटर. आपल्या शालेय स्पर्धांत मैलाची जागा १५०० मीटरच्या शर्यतीने घेतली आहे. मुलाची तेव्हाची वेळ ४ मिनिटे ४६ सेकंद होती. ती साडेचार मिनिटांच्या आत आली तर वरच्या स्पर्धांत निवड होईल, आणि पुढे महाविद्यालयात खेळाडूंसाठी असलेल्या जागेवर प्रवेश मिळेल, असा वडिलांचा हिशेब. त्यात गैर असे काहीच नव्हते.

सैन्यातून निवृत्त झालेले एक प्रशिक्षक त्याला शिकवू लागले. त्यांनी पहिल्याच दिवशी मुलाचे स्टॉपवॉच काढून घेतले आणि बारा आठवड्यांचा कार्यक्रम सांगितला. आठवड्यातून पाच दिवस, शेजारच्याशी बोलता येईल इतक्याच वेगाने धावायचे. आरंभी अर्धा तास, मग हळूहळू पाऊण तास. शनिवारी त्याहून थोडी लांब धाव. दोन दिवस शेवटी शंभर मीटरच्या चार-पाच मोकळ्या, सैल धावा, म्हणजे पायांना वेगाचा विसर पडू नये. रविवारी पूर्ण विश्रांती. ह्याला ते ‘बेस बनवणे’ म्हणत. आपण पायाभरणी म्हणू.

तिसऱ्या आठवड्यात मुलाचे वडील माझ्याकडे आले. “तुम्हीच सांगा,” ते म्हणाले, “वेग वाढावा म्हणून शिकवणी लावली, आणि हे त्याला हळू पळायला शिकवतात. उद्यानात फिरायला येणारे पेन्शनरसुद्धा त्याच्या पुढे जातात. बारा आठवडे! तोवर बाकीची मुलं कुठल्या कुठे पोहोचतील.”

मुलगा बाजूला उभा होता. त्याने मला विचारले, “काका, हळू पळून कुणी वेगवान होतं का?”

त्याच्या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते शरीराच्या रचनेत आहे. १५०० मीटरच्या शर्यतीत लागणाऱ्या शक्तीचा फार मोठा भाग, तीन-चतुर्थांश किंवा त्याहूनही अधिक, श्वासावाटे घेतलेल्या प्राणवायूच्या साहाय्याने निर्माण होतो. शेवटच्या वळणावर जो वेग दिसतो तो वेगळ्या साठ्यातून येतो. पण तो साठा लहान असतो, आणि तिथवर तो न संपवता पोहोचणे हीच खरी कसोटी. दीर्घकाळ सौम्य वेगाने धावल्याने हृदय प्रत्येक ठोक्याला अधिक रक्त ढकलू लागते. स्नायूंच्या तंतूंभोवती सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे दाट होते. पेशींतील मायटोकॉन्ड्रिया, ज्यांना शक्तीची कोठारे म्हणता येईल, त्यांची संख्या वाढते. ह्यातील काहीही बाहेरून दिसत नाही. आरशात नाही, आणि आरंभी घड्याळातही नाही.

ह्याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे. शरीराची सर्व अंगे एकाच गतीने तयार होत नाहीत. दम काही आठवड्यांत वाढतो. हाडे आणि स्नायूंना हाडांशी जोडणारे कंडरे मात्र महिन्यांच्या हिशेबाने बळकट होतात. वाढत्या वयात तर हाडांच्या टोकांशी वाढीचा मऊ थर अजून शिल्लक असतो. म्हणून असा एक काळ येतो की मुलाचा दम म्हणतो, ‘धाव’, आणि हाड अजून म्हणत असते, ‘थांब’. त्या काळात कोणाचे ऐकावे, हे मुलाला कळत नाही. ते मोठ्यांना कळले पाहिजे.

न्यूझीलंडमधील आर्थर लिडियार्ड हे व्यवसायाने पादत्राणे बनवणारे. त्यांनी आपल्या धावपटूंना शर्यतीच्या हंगामापूर्वी अनेक आठवडे लांब पल्ल्याची धाव घ्यायला लावली. पीटर स्नेल हा ८०० मीटरचा धावपटू; त्यालाही ऑकलंडजवळच्या डोंगरांतील २२ मैलांच्या रस्त्यावर इतरांबरोबर धावावे लागे. दोन मिनिटांहून कमी वेळाच्या शर्यतीसाठी हा केवढा खटाटोप, असे लोकांना वाटले असल्यास नवल नाही. २ सप्टेंबर १९६० रोजी रोम ऑलिंपिकमध्ये स्नेलने ८०० मीटरचे आणि त्याचाच सोबती मरे हॅलबर्ग याने ५००० मीटरचे सुवर्णपदक मिळवले. १९६२ मध्ये स्नेलने वांगानुई येथे गवताच्या मैदानावर ३ मिनिटे ५४.४ सेकंदांत मैल धावून विश्वविक्रम केला.

येथे प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. चार मिनिटांच्या आत मैल धावणारा पहिला मनुष्य रॉजर बॅनिस्टर ह्या पद्धतीने तयार झाला नव्हता. वैद्यकीचा अभ्यास करता करता, मिळेल तेवढ्या थोड्या वेळात, पाव मैलाच्या जोरदार धावा पुन्हा पुन्हा घेऊन त्याने ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्ड येथे ३ मिनिटे ५९.४ सेकंदांची वेळ दिली. तेव्हा वाट एकच नाही. पण बॅनिस्टर त्या दिवशी पंचवीस वर्षांचा होता, आणि त्याच्यामागे अनेक वर्षांचे धावणे होते. तसेच लिडियार्डच्या शिष्यांचे आठवड्याला शंभर मैल हा आकडा प्रौढांचा आहे. तो उचलून सोळा वर्षांच्या मुलाच्या वहीत लिहिणे, ही पायाभरणीच्या नावाखाली केलेली घाईच होय.

एवढे सारे मी मुलाच्या वडिलांना सांगू शकलो असतो. त्यांपैकी थोडे सांगितलेही. पण मी जे सांगितले नाही ते आता लिहितो, कारण ह्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार त्यातूनच आला आहे, आणि तो अधिकार अभिमान बाळगावा असा नाही.

सुमारे वीस वर्षांपूर्वी माझी मुलगी चौदा वर्षांची होती. ती सुरेख धावत असे. तिला कोणी प्रशिक्षक नव्हता, मीच होतो. दर पहाटे मी तिच्याकडून चारशे मीटरच्या फेऱ्या पूर्ण जोराने काढून घेत असे आणि वहीत वेळ लिहीत असे. कालच्यापेक्षा आजची वेळ कमी झाली की तो दिवस मला चांगला जाई. तीन महिन्यांत तिने दोन पदके मिळवली. चौथ्या महिन्यात ती नडगी दुखते म्हणू लागली. मी म्हणालो, दुखणारच, सहन करायला शीक. सहन करणे हा सद्‌गुण आहे असे मी तिला शिकवत होतो, आणि त्यासाठी शास्त्रातील वचनेही मला पाठ होती. पुढे डॉक्टरांनी सांगितले की नडगीच्या हाडाला बारीक तडा गेला आहे. हाड काही आठवड्यांत जुळले. ती पुन्हा धावली नाही. बऱ्याच वर्षांनंतर एकदा सहज बोलता बोलता ती म्हणाली, “बाबा, तुम्ही मला पळताना कधी पाहिलंच नाही. तुम्ही घड्याळ पाहत होता.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपे गेले असते.

मी तिच्यावर प्रेम करत नव्हतो का? करत होतो. तिचे वाईट व्हावे असे माझ्या मनात होते का? मुळीच नाही. मग चूक नेमकी कोठे झाली? ह्यावर मी पुष्कळ विचार केला आहे, आणि माझे उत्तर असे आहे. मला जे आज हवे होते, ते मी तिच्या उद्यातून काढून घेत होतो. हाडाची जी मजबुती तिला सतराव्या वर्षी लागणार होती, धावण्यातला जो आनंद तिला तिसाव्या वर्षीही पुरला असता, तो मी चौदाव्या वर्षीच दोन पदकांसाठी खर्च करून टाकला. ही उसनवारी होती. आणि उसने आणणारा मी असलो तरी फेडणारी ती होती.

घाईला आपण सहसा दोष म्हणतो, पाप म्हणत नाही. उतावळा माणूस आपलेच नुकसान करतो, असे आपण समजतो. स्वतःच्या बाबतीत ते खरे असेल. पण जेव्हा दुसऱ्याच्या वतीने घाई केली जाते, आणि तो दुसरा लहान असतो, नकार देऊ शकत नाही, आपल्याला खूष करण्यासाठी धडपडत असतो, तेव्हा ती घाई अन्यायाच्या जवळ जाऊन पोहोचते. आईबाप मुलाचे मालक नाहीत; कारभारी आहेत. कारभाऱ्याकडे धन्याचे द्रव्य वाढवण्यासाठी दिलेले असते हे खरे, पण ते द्रव्य त्याचे स्वतःचे नसते, आणि हिशेब देण्याचा दिवस त्याने ठरवलेला नसतो.

लूककृत शुभवर्तमानात दोन घरे बांधणाऱ्यांचा दाखला आहे. त्यांपैकी एकाने खोल खणून खडकावर पाया घातला. दुसऱ्याने जमिनीवरच भिंती उभ्या केल्या. मला वाटते, पूर येईपर्यंत शेजाऱ्यांनी दुसऱ्याचेच कौतुक केले असावे. त्याचे घर आधी उभे राहिले. पहिला अजून खड्ड्यातच उतरलेला असताना दुसऱ्याच्या दारावर तोरण लागले असेल. पायाचे हेच दुःख आहे की तो घातला जात असताना काम मागे पडल्यासारखे दिसते.

घाई एकदा शिरली की ती पहाटेच्या सरावापुरती राहत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर दिल्ली राज्य अॅथलेटिक्स स्पर्धा झाल्या. अखेरच्या दिवशी उत्तेजक द्रव्यांची चाचणी घेणारे अधिकारी मैदानावर आल्याची बातमी पसरली, आणि पुरुषांच्या १०० मीटरच्या अंतिम शर्यतीला आठांपैकी एकच धावपटू उभा राहिला. वर्तमानपत्रांत ती बातमी वाचून देशभर लोक हसले. मला हसू आले नाही. जे आले नाहीत त्यांपैकी कोण दोषी, कोण भित्रा आणि कोण खरोखर जखमी, हे ठरवणारा मी कोण? पण रिकाम्या राहिलेल्या त्या सात मार्गिका पाहून मला वाटले, ह्यांच्यापैकी कोणाच्या तरी मागे कधीतरी एक मोठा माणूस उभा राहिला असेल, आणि म्हणाला असेल, ‘एवढा वेळ नाही आपल्याकडे.’

खोट्या वयाचेही तसेच. आपल्या देशात वयोगटांच्या स्पर्धांत जन्मदाखल्यावर विश्वास ठेवता येत नाही, म्हणून मुलांच्या हाडांची क्ष-किरण तपासणी करावी लागते. अठरा वर्षांचा मुलगा सोळा वर्षांचा म्हणून धावतो तेव्हा तो दोन वर्षांची वाढ चोरून आणतो. पायाभरणी करणारा न दिसणारे महिने खरोखर जगतो. खोट्या दाखल्याचा मुलगा जगलेली वर्षे लपवतो. त्याच्यामुळे जो खरा सोळा वर्षांचा मुलगा चौथा येतो, आणि आपल्यात काही नाही असे समजून धावणे सोडतो, त्याचे नाव कोणत्याही चौकशीत येत नाही. ऑलिंपियाच्या पंचांना मुलांच्या गटासाठी निराळी शपथ का घ्यावी लागे, हे मला आता कळते.

येथवर लिहिल्यावर एक आक्षेप मला स्वतःलाच ऐकू येतो, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ‘थांबा, धीर धरा’ हे सांगणे ज्याच्या घरी महिन्याचा पगार येतो त्याला सोपे आहे. ज्या मुलासाठी सतराव्या वर्षीचे पदक म्हणजे महाविद्यालयाचे दार, रेल्वेतील किंवा सैन्यातील नोकरी, बहिणीचे लग्न, त्याला ‘पाया पक्का होऊ दे’ म्हणणे ही क्रूर थट्टा ठरणार नाही का?

ह्या प्रश्नासमोर आपल्या महाराष्ट्रातील दोन नावे मला आठवतात. नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा ह्या आदिवासी पाड्यावरील कविता राऊत हिने ऑक्टोबर २०१० मध्ये ह्याच दिल्लीत, राष्ट्रकुल स्पर्धांत, १०,००० मीटरचे कांस्यपदक मिळवले. धावमार्गावरील वैयक्तिक शर्यतीत राष्ट्रकुल पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे लहानपणी सहा किलोमीटरवरील शाळेत पायी जात-येत असे. बारावीनंतर तो सैन्यात महार रेजिमेंटमध्ये भरती झाला. सियाचीनचे बर्फ आणि राजस्थानचे वाळवंट दोन्ही त्याने पाहिले. धावण्याच्या स्पर्धांत तो २०१५ मध्ये उतरला, म्हणजे विशीत. २०२२ मध्ये बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये त्याने ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळवले. सुवर्ण केवळ पाच शतांश सेकंदांनी हुकले. १९९४ नंतर त्या शर्यतीत राष्ट्रकुल पदक मिळवणारा तो केनियाबाहेरचा पहिला धावपटू होता.

अशा कथा सांगताना आपण एक चूक करतो. गरिबी हीच उत्तम शाळा आहे, असा त्यातून बोध काढतो. तसे असते तर मांडव्याच्या रस्त्याने शाळेत जाणारे प्रत्येक मूल बर्मिंगहॅमला पोहोचले असते. अविनाशच्या पायांत बालपणाने पाया घातला हे खरे. पण त्या पायावर इमारत उभी राहण्याइतका काळ त्याला मिळाला, तो सैन्याच्या नोकरीमुळे. पगार होता, जेवण होते, आणि विशीत धावू लागलेल्या जवानाला ‘आता उशीर झाला’ असे म्हणून कोणी बाजूला काढले नाही. संयमालाही भाकरी लागते. ज्याला आपण भाकरी देत नाही, त्याच्याकडून संयमाची अपेक्षा करण्याचा आपल्याला अधिकार नाही.

म्हणून घाईचा दोष एकट्या बापाच्या माथी मारता येणार नाही. सतराव्या वर्षाच्या एका सकाळी, चार-साडेचार मिनिटांत, मुलाच्या पुढच्या चाळीस वर्षांचा निकाल लागावा अशी व्यवस्था आपण सर्वांनी मिळून केली आहे. ती व्यवस्था असेपर्यंत घाबरलेले आईबाप घाई करतीलच. मंडळीत अशा एखाद्या मुलाची दोन वर्षांची फी आणि दूध-अंड्यांचा खर्च कोणी उचलला, तर संयमावरील दहा प्रवचनांपेक्षा ते अधिक उपयोगी पडेल, असे मला नम्रपणे वाटते.

आता आमच्या वसाहतीतील मुलाकडे परत येतो. त्याचे बारा आठवडे ऑक्टोबरच्या मध्याला संपले. तो आता न थकता पाऊण तास धावत असे, आणि चढावर त्याचा श्वास फुलत नसे. जोराच्या सरावाला आरंभ झाला, आणि दिवाळीनंतर दिल्लीवर दरवर्षीप्रमाणे धुरक्याचे छत पसरले. हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक ४०० च्या वर गेला की सरकारी भाषेत तिला ‘गंभीर’ म्हणतात. विश्रांती घेताना मनुष्य मिनिटाला साधारण सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. जोराने धावताना त्याच्या दहापट किंवा अधिक, आणि तीही तोंडाने, म्हणजे नाकाची गाळणी चुकवून. त्याच नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने राजधानी क्षेत्राच्या हवा गुणवत्ता व्यवस्थापन आयोगाला सुचवले की नोव्हेंबर-डिसेंबरमधील शाळांच्या मैदानी स्पर्धा अधिक सुरक्षित महिन्यांत नेण्याचा विचार व्हावा. देशाच्या राजधानीत मुलांनी कधी धावावे ह्याची चिंता न्यायाधीशांना वाहावी लागली, ही आपणां सर्वांसाठी लाजेची गोष्ट आहे.

प्रशिक्षकांनी धावणे बंद केले. घरातच व्यायाम, दोरीवरच्या थोड्या उड्या, ताण देण्याचे प्रकार. आणि आता मुलाचे वडील पुन्हा माझ्याकडे आले. ह्या वेळी त्यांची तक्रार उलटी होती. “इतक्या मेहनतीनं पाया घातला, तो आता वाया जाणार. सकाळी लवकर, तोंडाला काही बांधून पळाला तर?”

मी त्यांना माझ्या मुलीची गोष्ट त्या दिवशी सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “पण बाकीची मुलं धावतायत.”

बाकीची मुले धावत होती हे खरे होते. आणि आमच्या फाटकाबाहेर, त्याच हवेत, भंगार गोळा करणाऱ्यांची मुले रोजच्यासारखी सायकलगाडी ओढत होती. त्यांना धावणे बंद करण्याची मुभा कोणी दिली नव्हती. हेही मला त्या दिवशी दिसले, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

तरीही न धावणे हाच योग्य निर्णय होता. फुप्फुसे हाच ज्याचा पाया, त्याने पाया राखण्यासाठी फुप्फुसे खर्च करावीत, ह्यात अर्थ नाही. एरिक लिडल ह्याची कथा आपल्या वाचकांना परिचयाची आहे. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी असल्याने त्याने ती शर्यत सोडली, आणि ४०० मीटरमध्ये ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक मिळवले. चित्रपटामुळे पुष्कळांची समजूत अशी झाली आहे की हे त्याला ऐन प्रवासात कळले आणि त्याने क्षणात निर्णय घेतला. वास्तविक कार्यक्रम त्याला कित्येक महिने आधीच ठाऊक होता. त्याने आपला नकार शांतपणे कळवला आणि उरलेले महिने ४०० मीटरच्या तयारीत घालवले. मला ही खरी हकिकत चित्रपटाहून अधिक मोलाची वाटते. ‘नाही’ म्हणण्याचे बळही एकाएकी येत नाही. तेही कोणी पाहत नसताना, महिनोन्‌महिने, साठत असते.

फेब्रुवारीत हवा निवळली. मुलाने पुन्हा सौम्य धावण्यापासून आरंभ केला. महिन्याच्या अखेरीस एका लहानशा स्पर्धेत तो १५०० मीटर धावला. मी गेलो होतो. त्या आठवड्यात माझी मुलगी पुण्याहून आली होती, तीही सोबत होती. मुलगा चौथा आला. वेळ ४ मिनिटे ३८ सेकंद. पदक नाही, निवड नाही. जुलैपेक्षा आठ सेकंद कमी, एवढेच. शेवटच्या फेरीत त्याने दोघांना मागे टाकले तेव्हा त्याची मान ताठ होती आणि चेहऱ्यावर एक प्रकारचे नवल होते, जणू आपल्यात एवढे शिल्लक आहे हे त्याला त्याच क्षणी कळत होते. त्याचे वडील कुंपणाला धरून उभे होते. वेळ किती लागली, हे त्यांना मागाहून विचारावे लागले.

माझी मुलगी माझ्या हातांकडे पाहत म्हणाली, “बाबा, आज घड्याळ नाही आणलं?”

मी नाही म्हणालो.

ऑलिंपियाच्या त्या शपथेकडे मी शेवटी पुन्हा वळतो. आपल्याला रानडुकराचे मांस नको आणि झ्यूसची मूर्तीही नको. पण मूल पहिल्यांदा मैदानावर उतरते, किंवा शिकवणीला जाते, किंवा पेटीसमोर बसते, त्या दिवशी बापाने देवासमोर एकांतात उभे राहून काही वचन द्यावे असे मला वाटते. ह्याच्या उद्यातून मी माझ्या आजसाठी काही उचलणार नाही. ह्याचे हाड ‘थांब’ म्हणेल तेव्हा मी ऐकेन. आणि ह्याच्या बरोबरीने धावणाऱ्या दुसऱ्याच्या मुलाचाही वाटा मी हिरावून घेणार नाही. मी हे वचन वीस वर्षे उशिरा दिले आहे. ज्यांची मुले अजून लहान आहेत, त्यांना तेवढा उशीर करण्याचे कारण नाही.